जपान आफ्रिकेला 30 अब्ज डॉलर देतो म्हणजे नक्की काय देतो? (एका काजूवाल्याचा प्रश्न)

काजूगर_वेंगुर्ला:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे बोटीवरची, बँकेतली, शेतीतली सगळीच माणसं आहेत म्हणून इथेच टाकतोय. आमची वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूची लहान फॅक्टरी आहे, बाबांनी सुरू केलेली, सोलायला आणि ग्रेडिंगला गावातल्याच बायका. गावठी बी फार तर मेपर्यंत मिळते, त्यातही शेवटची भिजकी, आणि ती संपली की पुढे बॉयलर चालू ठेवायचा तर बाहेरची बी घ्यावीच लागते. म्हणजे आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया, कधीमधी मोझांबिक. आता आमच्यासारखा माणूस काही स्वतः कंटेनर मागवत नाही, मंगळूरच्या पार्टीकडून दलालामार्फत घेतो.

तर तो दलाल परवा म्हणाला की भाऊ, पुढे आफ्रिकेतून कच्ची बी येणं बंद होणार, श्रीमंत देश तिथे पैसा ओतायला लागलेत, एकट्या जपानने 30 अब्ज डॉलर कबूल केलेत, तिथेच फॅक्टऱ्या होणार आणि गर परस्पर युरोपला जाणार. मला वाटलं हा दर चढवायला सांगतोय. पण रात्री शोधत बसलो तर आकडा खरा निघाला, 2022 ला ट्युनिसला टिकाड नावाची परिषद झाली (जपान आफ्रिकेच्या विकासासाठी भरवतो ती), तिथे जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी तीन वर्षांत 30 अब्ज म्हणून जाहीर केलंय (स्वतः कोविडमुळे ऑनलाइन होते). मग अजून मागे गेलो तर 2016 ला नैरोबीत तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी पण 30 अब्जच सांगितलेले, मग 2019 ला 20 अब्ज. एवढे सगळे खरंच पोचले असतील तर मग तिकडचा शेतकरी अजून गोणीत बी भरून आपल्याला का विकतोय हेच मला कळेना.

म्हणून विचारतो की हे पैसे खरंच जातात का, फुकट जातात की कर्ज म्हणून, आणि कोणाच्या खिशात जातात. माझ्यासाठी हा नुसत्या गजालीचा विषय नाहीये, ऑटोमॅटिक कटिंगच्या मशीनसाठी कर्ज काढायचं चाललंय, बँकेने फाइल पास पण केली. बीच मिळणार नसेल तर मशीनला काय देव्हाऱ्यात ठेवू?

हिशेबी_काका (चिपळूण):

दलालाने आकडा बरोबर सांगितला, त्याच्या पुढचे चार शब्द गिळले. ट्युनिसची घोषणा "सरकारी आणि खासगी मिळून" 30 अब्ज अशी होती. म्हणजे एखाद्या जपानी कंपनीने स्वतःच्या नफ्यासाठी तिकडे पैसे घातले तर ते त्यात, सरकारी बँकेने त्या कंपनीला दिलेलं कर्ज त्यात, जायकाने (परदेशी मदत आणि कर्ज देणारी जपानची सरकारी संस्था) तिथल्या सरकारला दिलेलं कर्ज त्यात, आणि खरोखर हातावर ठेवलेला पैसा म्हणजे अनुदान, तेही त्यातच. 2019 चे 20 अब्ज तर सरळ खासगी गुंतवणूक म्हणूनच जाहीर झालेले, सरकार मागून जोर लावणार एवढंच. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला नववी टिकाड झाली तिथे पंतप्रधान इशिबांनी आफ्रिकन विकास बँकेबरोबर मिळून साडेपाच अब्ज डॉलरपर्यंत कर्ज आणि तीन वर्षांत एआयची 30 हजार माणसं शिकवून तयार करू असं सांगितलं. ह्यात कर्ज हा शब्द वाचायचा, तो बातमीत नेहमी बारीक टायपात असतो.

जायका आपल्याला परकी नाही हो. मुंबईचा अटल सेतू जायकाच्या कर्जावर झाला, मेट्रो 3 तशीच, आणि बुलेट ट्रेनला तर 0.1 टक्का व्याज, 50 वर्षं मुदत, पहिली 15 वर्षं हप्ताच नाही. मी सगळी नोकरी लोनच्या टेबलाला काढली, असल्या अटी कोणी मागितल्या असत्या तर चहा पाजून वाटेला लावला असता. तर वाईट कर्ज नाहीये ते. पण दोन गोष्टी बघायच्या. एक, कर्ज येनमध्ये असतं आणि फेडणाऱ्याची कमाई केनियाच्या शिलिंगमध्ये नाहीतर मोझांबिकच्या मेटिकालमध्ये, त्यामुळे व्याज कितीही कमी असलं तरी चलन घसरलं की मुद्दलच फुगतं. दुसरी, जायकाचा स्टेप नावाचा एक प्रकार आहे, त्यात व्याज अजून कमी पण मुख्य कंत्राटदार जपानीच पाहिजे आणि कंत्राटाच्या किमान 30 टक्के माल आणि सेवा जपानच्या पाहिजेत. म्हणजे आकडा आफ्रिकेच्या नावावर लागतो आणि त्यातला बराच पैसा टोकियोहून निघून टोकियोलाच पोचतो. मागे पूल राहतो ते खरं, आणि हप्ता पण राहतो.

आणि मोजायची पद्धत. श्रीमंत देशांच्या ओईसीडी क्लबात पूर्वी सवलतीचं सगळं कर्ज मदत म्हणून धरायचे आणि परतफेड आली की वजा करायचे. 2018 च्या आकड्यांपासून कर्जातला जो सवलतीचा हिस्सा, तेवढाच मदत म्हणून धरतात. पण परिषदेच्या स्टेजवरून जो आकडा फेकतात त्याला हा नियम कोण लावतो!

एकट्या जपानला बोलण्यात अर्थ नाही. 2005 ला स्कॉटलंडमध्ये ग्लेनईगल्सला जी-8 वाले जमले, 2010 पर्यंत आफ्रिकेची मदत वर्षाला 25 अब्ज डॉलरने वाढवू म्हणाले, त्यातली निम्मीही वाढली नाही. (कर्जमाफी मात्र खरी झाली, ते नाकारत नाही.) राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यायची हे संयुक्त राष्ट्रांत 1970 ला ठरलंय, नॉर्वे स्वीडन डेन्मार्क लक्झेंबर्ग असे हाताच्या बोटावर मोजण्याइतके पाळतात, जपान तिथे कधीच पोचला नाही. इंग्लंडने 2015 ला त्याचा कायदा केला, 2021 ला 0.5 वर आणलं, आता 2027 पर्यंत 0.3 वर नेणार आहेत. आणि त्यातही 2022-23 ला त्यांच्या मदतीच्या पाव हिश्श्याहून जास्त पैसा इंग्लंडमध्येच, आलेल्या निर्वासितांना ठेवण्यावर गेला, आणि तो नियमाने "मदत" म्हणूनच धरला गेला.

गुहागर_ते_गिरगाव:

एवढं लांब कशाला जाता, मुंबई-गोवा हायवेचं काम 2011 ला सुरू झालं, दर गणपतीला "पुढच्या गणपतीपर्यंत पूर्ण" अशी घोषणा होते आणि आम्ही दर गणपतीला कंबर धरून गावाला पोचतो. आफ्रिकेच्या लोकांना सांगा, घोषणा कशी ऐकायची ते शिकायला माणगावला या.

बंदरवाला:

हाहा माणगाव खरंय. मी मर्चंट नेव्हीत, गाव दाभोळ. केनियातल्या मोंबासाला आमची बोट बऱ्याचदा लागलीय म्हणून तिथलं डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, पुस्तकी काकांनी सांगितलंच आहे.

मोंबासाला दुसरं कंटेनर टर्मिनल आहे ना, ते जपानच्या कर्जावर झालंय, पहिला टप्पा 2016 ला सुरू झाला, वर्षाला साडेपाच लाख कंटेनरची क्षमता, आणि खरंच फरक पडला. पूर्वी तिथे बाहेर अँकरवर पडून राहायचो, आत जागा मिळेपर्यंत लोक पत्ते खेळून कंटाळायचे. नवीन बर्थ खोल आहे, क्रेन चांगल्या, फेंडरपासून बोलार्डपर्यंत काम एकदम नेटकं. जपान्याच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही, हे आमच्या लाईनीत कोणीही सांगेल. युगांडा, रवांडा, दक्षिण सुदानचा माल पण त्याच बंदरातून जातो, त्यामुळे तो पैसा वाया गेला असं मला तरी म्हणता येणार नाही. डोंगो कुंडूचा बायपास पण जपानी कर्जावरच झाला.

आता दुसरी बाजू. मोंबासा शहर बेटावर आहे आणि दक्षिणेला लिकोनीला जायला फेरीबोट. आमच्या दाभोळ-धोपावे फेरीसारखंच दृश्य, गाड्या आत, माणसं कडेने, कोंबड्या, सायकली, फक्त गर्दी विचारू नका, दिवसाला तीन लाखांच्या वर माणसं जातात. तिथे जपानच्या पैशाने मोठा पूल होणार, मोंबासा गेट ब्रिज, 2019 ला जायकाबरोबर पहिल्या कर्जाचा करार झाला. पूल? अजून फेरीच चालू आहे. मधल्या काळात कोविडमध्ये गर्दी कमी करायला म्हणून चिनी कंपनीने तरंगता पादचारी पूल आणून जोडला, 2021 च्या जानेवारीत चालू पण झाला. आता तो काय कायमचा पूल नव्हता, बोट जायची तर मधला भाग उघडावा लागायचा, पण तिथला टॅक्सीवाला मला म्हणाला, जपानी माणूस दहा वर्षं माती तपासतो आणि चिनी माणूस सोमवारी येऊन मंगळवारी खांब मारतो. दोन्हींचे पैसे शेवटी त्यालाच भरायचे आहेत हे तो विसरला, किंवा विसरला नसेल पण.

चीनचा आकडा पण ठेवा शेजारी. 2024 ला बीजिंगमध्ये तीन वर्षांसाठी 360 अब्ज युआन जाहीर केले, डॉलरमध्ये 50 अब्जच्या आसपास. त्यातले 210 अब्ज युआन क्रेडिट लाइन. म्हणजे परत उधारीच. आणि आपण पण काही मागे नाही, 2015 ला दिल्लीत आफ्रिकेचे नेते आले होते तेव्हा भारताने 10 अब्ज डॉलरचं सवलतीचं कर्ज आणि 60 कोटी डॉलरचं अनुदान कबूल केलं होतं. आपल्या सरकारी एक्झिम बँकेची ती कर्जं पण साधारण "माल आमच्याकडून घ्या" अशाच अटीची असतात. तेव्हा जपानवर हसताना जरा बेताने.

सड्यावरची:

काजूवाल्या दादांच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते. मी दापोलीला शेती शिकले, आता बियाणांच्या कामात आहे.

काजू आणि परदेशी मदत ह्याची एक गोष्ट आहे आणि त्यात आपली कोकण-केरळची फॅक्टरी कोपऱ्यात उभी आहे. मोझांबिक. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला तो गोव्यात लावला आणि तिथेही लावला, त्यामुळे ते आपलं भावकीतलंच झाड म्हणा. 1970 च्या सुरुवातीला मोझांबिक जगात काजूत सगळ्यात पुढे होता. मग 1975 ला स्वातंत्र्य, पाठोपाठ यादवी युद्ध, ते 1992 पर्यंत. बागा म्हाताऱ्या झाल्या, कारखाने मोडकळीला आले. सरकारने कच्च्या बीच्या निर्यातीवर कर ठेवला होता, हेतू हा की बी देशातच राहावी आणि तिथल्या बायकामाणसांना फोडण्या-सोलण्याचं काम मिळावं. 1990 च्या मध्याला जागतिक बँकेने कर्ज देताना सांगितलं हा कर उतरवा, शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल. देश मदतीवर चालणारा, नाही कोणाच्या तोंडावर म्हणणार? कर उतरला. बी सरळ बोटीत बसून भारतात आली. तिथले कारखाने, जे नुकतेच खासगी मालकांनी विकत घेतले होते, एकामागून एक बंद पडले, 10 हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. आणि शेतकऱ्याला काय मिळालं? डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या बरोबरच्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब केला तर एका सर्वसाधारण काजू लावणाऱ्या कुटुंबाला वर्षाला जेमतेम पाच डॉलरचा फायदा. मधला मलिदा व्यापाऱ्यांनी खाल्ला.

दादा, तुमच्या बाबांनी त्या वर्षांत स्वस्त आफ्रिकन बी घेतली असेल तर ती ह्या वाटेने आलेली असू शकते. तुमचा दोष नाही त्यात, तुम्ही बाजारात आलेला माल घेतला. पण मदतीच्या नावाखाली घातलेली एक अट मोझांबिकमधल्या नाम्पुलाच्या बाईची सुरी हातातून काढून वेंगुर्ल्याच्या बाईच्या हातात देऊ शकते, हे एकदा बघून ठेवण्यासारखं आहे.

पुढे 1999 ला मोझांबिकच्या संसदेने कर परत वाढवला, आणि गंमत बघा, 2000 नंतर नाम्पुलात जे लहान लहान कारखाने पुन्हा उभे राहिले त्यांना उभं करायला परत परदेशी मदतीचाच पैसा होता. एका हाताने मोडायचं आणि दुसऱ्या हाताने बांधायचं.

जपानचं म्हणाल तर त्याच भागात त्यांचं प्रोसवाना नावाचं शेतीचं प्रकरण झालं, 2009 ला जपान, ब्राझील आणि मोझांबिक मिळून ठरवलेलं. ब्राझीलच्या सेराडोत जशी माळरानावर सोयाबीनची मोठी शेती उभी केली तशी नाकाला नावाच्या बंदराच्या मागच्या पट्ट्यात करायची. तिथल्या शेतकऱ्यांच्या युनियनने 2012 ला ओरड सुरू केली की ही जमीन रिकामी नाहीये, आम्ही कसतो, 2013 ला तिन्ही देशांच्या प्रमुखांना उघडं पत्र लिहिलं, जपानमधल्या संघटना पण त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. शेवटी 2020 ला गुंडाळलं. आपल्याकडे सड्यावरची जमीन बाहेरच्या माणसाला नेहमी "पडीक" दिसते आणि त्यावर आपली गुरं, करवंदं, गवत, नाचणी असतं, तसलाच प्रकार.

पण सगळं असंच नाही, भाताचं काम मला मनापासून आवडतं. 2008 च्या टिकाडला ठरलं की सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांचं भात उत्पादन दहा वर्षांत 1 कोटी 40 लाख टनांवरून 2 कोटी 80 लाखांवर न्यायचं, आणि ते साधारण गाठलं, आता 2030 पर्यंत परत दुप्पट म्हणतायत. केनियात म्वेआ म्हणून भाताचा पट्टा आहे, तिथे पाणी पुरत नव्हतं म्हणून शेतकरी पाळीपाळीने लावणी करायचे. जपानच्या कर्जातून थिबा धरण झालं, 2022 ला पाणी सोडलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल, 1950 च्या दशकात "जपानी पद्धतीची भातलावणी" म्हणून सरकारी मोहीम होती, दोरी लावून ओळीत लावायची. माझी आजी अजून म्हणते, कंबर मोडली पण लोंबी भरली. बियाणं, पाणी, शिकवणारा माणूस अशी मदत असली की त्याचा मागमूस वर्षानुवर्षं राहतो, आणि गंमत म्हणजे ह्यात आकडा फार मोठा नसतोच म्हणून हेडलाईन होत नाही.

बागायतदार_कुडाळ:

वायच आमचा पण आयका. तुमी फॅक्टरीवाले आफ्रिकेची बी आणतास आणि आमका सांगतास दर पडलो. माझ्या बापाशीन वेंगुर्ला 4 नि 7 ची कलमा लावल्यान, मी राखलंय. सरकारान 2024 च्या हंगामाक किलोमागे 10 रुपये अनुदान दिल्यान, ता पण कागद जमवता जमवता चपला झिजली. त्या जपान्याक सांगा अजून धा अब्ज घाल म्हणान, थयसर फॅक्टऱ्यो होऊ देत, हयसर बी येवची बंद होऊ दे. मी रवळनाथाक नारळ देतलंय.

काजूगर_वेंगुर्ला:

कुडाळवाले दादा, राग समजतो. पण तुमची बी आम्ही घेतोच की, अख्ख्या जिल्ह्याची बी सुद्धा इथल्या सगळ्या फॅक्टऱ्यांना वर्षभर पुरत नाही, आणि बाहेरची आणली नाही तर पावसाळ्यात बायकांना घरी बसवावं लागतं. दराचं भांडण आहे ते मान्य, आपण ते वेगळ्या धाग्यात भांडू.

ताई, मोझांबिकचं वाचून खरंच गप्प झालो, बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या वर्षांत बी मुबलक होती, का ते कोणी विचारलं नाही. काका, आकड्याचं कळलं. म्हणजे मी समजतो ते असं की 30 अब्ज हा काही चेक नव्हे, त्यात पूल आणि बंदरं आणि कंपन्यांचे धंदे, आणि काजूच्या वाट्याला त्यातलं फार काही येत नसावं. मग दलाल बंडलबाज म्हणू का? पण मग बेनिनची बी ह्या वर्षी मिळतच नाहीये ती का?

सड्यावरची:

बंडलबाज नाही, कारण चुकीचं सांगतोय. बेनिनने स्वतःच कच्च्या बीची निर्यात 2024 च्या एप्रिलपासून बंद केली. कोतोनूजवळ ग्लो-जिग्बे म्हणून औद्योगिक वसाहत उभी केलीय, तिथे काजू फोडायचे कारखाने आलेत, आणि तो पैसा मुख्यतः सरकार आणि खासगी गुंतवणूकदारांचा, टिकाडचा नव्हे. मोझांबिकला 90 च्या दशकात जे करू दिलं नाही तेच बेनिनने अजून कडक करून दाखवलं. आयव्हरी कोस्ट हा आता कच्च्या काजूत जगात पहिला, 10 लाख टनांच्या वर जातो, त्यांनी कायमची बंदी घातलेली नाही पण निर्यातीवर कर आहे आणि तिथल्या फॅक्टऱ्यांना सवलती आहेत, त्यामुळे तिथे फोडल्या जाणाऱ्या बीचा वाटा वाढतोय. तेव्हा तुम्हाला टोकियोत काय जाहीर झालं ते बघायची गरज नाही, आबिजान (आयव्हरी कोस्ट) आणि दार-एस-सलामला (टांझानिया) हंगामाच्या तोंडावर काय नियम निघतो ते बघा.

काजूला थेट मदत म्हणाल तर ती जर्मनीची जास्त आहे. 2009 पासून जर्मन सरकारच्या पैशातून, गेट्स फाउंडेशन आणि काजू कंपन्या मिळून, पश्चिम आफ्रिकेत काजूचा कार्यक्रम चालला, शेतकऱ्याला छाटणी, कलमं, बी वाळवणं, फॅक्टरीवाल्याला गुणवत्ता, आणि सरकारी अधिकाऱ्यांना धोरण. पैसा जपानच्या आकड्यापुढे चिल्लर, पण तिकडची बी आता जी बरी यायला लागली त्यात त्याचा हात असणार.

हिशेबी_काका (चिपळूण):

ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. "मोठा आकडा म्हणजे पोकळ आणि लहान मदत म्हणजे चांगली" असा सूर निघतोय तो मला मान्य नाही. अमेरिकेचा पेपफार बघा, 2003 ला बुश यांनी सुरू केला, एचआयव्हीच्या औषधांसाठी, प्रचंड पैसा, बहुतेक आफ्रिकेत, आणि त्याने लाखो नाही, कोट्यवधी माणसं जगली. तो पैसा कर्ज नव्हता, अनुदान होतं. आणि तो हलला की काय होतं ते पण बघितलं, 2025 ला यूएसएड ही अमेरिकेची मदत वाटणारी सरकारी संस्थाच बंद केली, 1 जुलैला उरलीसुरली कामं परराष्ट्र खात्यात घातली, तिथल्या दवाखान्यातली माणसं महिन्याभरात घरी. म्हणजे दुसऱ्या देशाच्या निवडणुकीवर आपली गोळी अवलंबून. मला विचाराल तर पोकळ घोषणेपेक्षा ही खरी मदत अचानक थांबणं जास्त भयंकर.

सड्यावरची:

हे बरोबर आहे काका. मी शेतीपुरतं बोलत होते, औषधाचं गणित वेगळं.

बंदरवाला:

मशीनचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो, मी काजूतला नाही पण माल कुठून कसा हलतो ते बघतो. तुमचा खरा स्पर्धक आफ्रिकेतली फॅक्टरी आत्ता तरी नव्हे, व्हिएतनाम. आफ्रिकेतली बी आजही सगळ्यात जास्त तेच उचलतात, मोठमोठ्या लॉटने, आणि त्यांची मशीनं तुम्ही बघताय त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी. टांझानियाचा माल हिवाळ्यात निघतो, आपला आणि पश्चिम आफ्रिकेचा हंगाम नसतो तेव्हा, म्हणून तो सगळ्यांना हवा असतो. पण तिथे पण भरवसा नाही, 2018 ला दरावरून वाजलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी व्यापाऱ्यांना बाजूला करून लष्कराला बी खरेदी करायला लावलं, मत्वारा भागात सैन्याचे ट्रक गोणी भरत होते. बोटी रिकाम्या थांबलेल्या. असल्या ठिकाणच्या मालावर हप्ता बांधायचा म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

काजूगर_वेंगुर्ला:

हे कामाचं झालं. मग मी असं करतो, मोठं मशीन घेत नाही, त्यातलं लहान घेतो, जे गावठी बीवर निदान निम्मं वर्ष चालेल आणि बाहेरची मिळाली तर मिळाली. बँकेत सोमवारी जाऊन रक्कम कमी करून घेतो, मॅनेजर तोंड वाकडं करणार पण करू दे.

कुडाळवाले दादा, आता तुमच्याशी बोलायचं. तुमची वेंगुर्ला 7 ह्या हंगामात कोणाला देणार? वाळवून, भिजकी न मिसळता देणार असाल तर हंगामाआधीच दर ठरवू, उचल पण देतो.

बागायतदार_कुडाळ:

दर सांग आदी. मगे नारळाचा बगूया.